सीओडी बंद करा, नाहीतर वाळवणाचा धंदा बंद करा

उन्हाळी_वाळवण:
आमच्या बचत गटाच्या बाया मूगवड्या, कुरडया, पापड आणि हळद विकतात. वर्धा जिल्हा, गाव हायवेपासून बरंच आत. मध्यंतरी तालुक्याला प्रशिक्षण झालं. तिथं साहेब म्हणाले, "सीओडी द्या, म्हणजे माल दारात पोचल्यावर पैसे घ्या, डिलिव्हरी फ्री ठेवा, ऑर्डरी धडाधड येतील." सगळ्या जणींनी माना हलवल्या. ऑर्डरी येतात, त्यात वाद नाही. पण शेवटी हातात काय उरतं ते कोणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते.

समजा हळद-पापडाचं ४०० रुपयांचं पाकीट आहे. माल आणि पाठवणी जाऊन १०० रुपये उरतात. गिऱ्हाइकानं दारातून परत पाठवलं तर जायचे ८०, यायचे ७०, खोकं-टेपचे २०, असे १७० पाण्यात. दहा पाकिटं पाठवली आणि तीन परत आली तर सातांचे ७००, त्यातून ५१० वजा, उरले १९०. चार परत आली तर ६०० मधून ६८० वजा, म्हणजे घरून ८० भरायचे. आणि हे सगळं, परत आलेला माल पुन्हा विकता येतो असं धरून. कुरडईचं खोकं पुण्या-मुंबईला जाऊन परत आलं की उघडून पाहा एकदा. सूप भरून चुरा निघतो.

माझं म्हणणं असं. पैसे आधी, यूपीआयवर. पाठवणीचा खर्च वेगळा लिहायचा, मालाच्या भावात लपवायचा नाही, नाहीतर गावातलाच माणूस म्हणतो की तुमचा पापड महाग. आणि पार्सल टपालानं, कारण पिनकोड कुठलाही असो, टपाल जातं. "रजिस्टर करून टाका" असं अजून कोणी सांगत असेल तर २०२५ मध्येच रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. आता स्पीड पोस्ट करताना थोडे जास्त पैसे भरून रजिस्ट्रेशन किंवा ओटीपी डिलिव्हरी मागायची.

ज्यांना पटत नाही त्यांनी आकडे घेऊन या.

कापूस_ते_कापड:
ताई, आकडे घेऊनच आलो. यवतमाळ जिल्हा, गोधड्या आणि कापडी पिशव्या विकतो.

तुमचा हिशेब बरोबर, पण अर्धाच. सीओडी काढली की दहाच्या दहा ऑर्डरी राहतील असं तुम्ही गृहीत धरलंय. नवीन गिऱ्हाईक तुम्हाला ओळखत नाही, आधी पैसे टाकणारे दहात तीन निघतात. तीन गुणिले १००, झाले ३००. आता सीओडी ठेवा, पण पार्सल बांधायच्या आधी फोन करा. "दादा, ऑर्डर तुम्हीच टाकली ना? या आठवड्यात घरी आहात ना?" एवढं विचारलं तरी टाइमपासवाले तिथंच गळतात. मग दहात दोन परत आले समजा: ८०० मधून ३४० गेले, ४६० राहिले. ४६० मोठे का ३००?

परत येणं सीओडीमुळं नाही, न विचारता पाठवल्यामुळं आहे. आणि टपालाचं म्हणाल तर आमच्या खेड्यातलं शाखा डाकघर दिवसातून चार-पाच तास उघडं. मी शेतातून येईस्तोवर बंद. कुरिअरचा पोरगा तालुक्याच्या दुकानावरून पार्सल उचलतो, मला तेच परवडतं.

पुणेरी_वऱ्हाडी:
मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो. मूळ अमरावतीचा, राहतो हडपसरला. दर उन्हाळ्यात वाळवण मागवतो.

ताई, तुमच्यावर विश्वास आहे, पण तुम्ही "तुम्ही" आहात हे मला कसं कळणार? "वऱ्हाडी चव", "गावाकडचं वाळवण" अशी पेजं ढिगानं आहेत. फोटो एकमेकांचे उचललेले, आणि पैसे टाकले की नंबर बंद. एकदा हात पोळलेला माणूस पुन्हा आधी पैसे टाकत नाही. सीओडी म्हणजे आमचा विमा आहे, तो काढून घेताय तर बदल्यात काहीतरी द्या. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा, नंबर आहे का? गटाच्या नावाचं बँक खातं आहे का, की कुणाच्या तरी जावयाच्या यूपीआयवर पैसे मागता? खात्याच्या नावात "महिला बचत गट" दिसलं तर मी आजही आधी पैसे टाकीन.

मले_काय_त्याचं:
काहून एवढा काथ्याकूट करून राह्यले बावा? पुण्याले ट्रॅव्हल्स रोज रात्री जाते. खोकं डायवरच्या हाती द्या, गाडीचा नंबर गिऱ्हाइकाले व्हॉट्सॲप करा, सकाळी पोरगं जाऊन घेऊन येते. ना पिनकोड, ना वजनाची कटकट. आमच्या घरचा पोरगा तिकडं कंपनीत हाय, त्याच्या रूमवरच्या सगळ्याईचं लोणचं असंच जाते.

पुणेरी_वऱ्हाडी:
भाऊ, पहाटे पाच वाजता हायवेवर उभं राहून खोकं उतरवून घ्यायला मी आता बावीस वर्षांचा नाही. घरच्या लोणच्याला ठीक आहे. विकत घेतलेल्या मालाला पावती नको का?

वाडी_नाका:
नागपूरजवळ वाडीला कुरिअरच्या गोडाऊनमध्ये बरीच वर्षं काढली. सीओडी द्या नाहीतर देऊ नका, पण तुमचा पैसा दुसरीकडूनच गळतोय आणि त्याच्यावर इथं कोणी बोलत नाही. खोकं.

खासगी कुरिअर दोन वजनं बघतं. एक काट्यावरचं. दुसरं मापाचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. जे जास्त येईल त्याचं बिल. काही कंपन्या ५००० च्या जागी याहून लहान आकडा धरतात, मग वजन आणखी फुगतं. करारात तो आकडा आधी वाचा.

ताईंच्या कुरडया घ्या. माल दोन किलो, पण मोडू नयेत म्हणून बाई मोठं खोकं घेते, ४० बाय ३० बाय २५. गुणाकार ३००००, भागिले ५०००, सहा किलो. दोन किलोच्या मालाला सहा किलोचं भाडं. तोच माल ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात बसवला तर तीन किलो. बसतो. कुरडया एकावर एक चळत लावून जाड पिशवीत घालायच्या, पिशवीतली हवा काढून तोंड सील करायचं, पिशवी आणि खोक्याच्या मधल्या फटीत चुरगळलेला कागद दाबून भरायचा. आत काही हललं नाही पाहिजे. खोकं बंद करून कानाशी धरून हलवा, आवाज आला की उघडा आणि परत भरा. मोठ्या खोक्यात माल जास्त मोडतो, कारण आत पळायला जागा असते. आपल्याकडं कापूस फुकट म्हणून लोक तो भरतात. खाण्याच्या मालाजवळ तो नको, पिशवी फाटली की तंतू चिकटतात. वर्तमानपत्रही थेट पापडाला लावू नका, शाई उतरते.

हळदीचं उलटं आहे. जड, छोटी, किलोला भाव चांगला. तिचं कुठूनही जमतं.

कापूसभाऊ, तुमच्या गोधडीचं काय करता? घडी घालून खोक्यात?

कापूस_ते_कापड:
खोक्यात. आता कळलं बिल कुठून फुगतं ते. दर वेळी कंपनीवाला म्हणतो वजन जास्त निघालं.

वाडी_नाका:
गोधडीला खोकं लागतच नाही. गच्च वळकटी करा, प्लास्टिकमध्ये घाला, वरून जाड कुरिअर पिशवी. आणि पार्सल बांधल्यावर दोन फोटो काढून ठेवायचे: एक काट्यावर ठेवलेला, एक शेजारी मेजर टेप धरून, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा. "वजन जास्त भरलं" म्हणून पैसे कापले की तक्रार करायची मुदत फार थोडी असते, फोटो नसेल तर तुमचं कोणी ऐकत नाही. पत्त्यात दोन मोबाईल नंबर लिहा. "मारोतीच्या देवळामागं" हे गावच्या पोस्टमनला कळतं, हबवरच्या पोराला नाही. गिऱ्हाइकानं फोन उचलला नाही की दोन-तीन चकरा, आणि माल उलट्या गाडीत. परत येणाऱ्या मालातला मोठा वाटा "नको" म्हटलेल्यांचा नसतोच, न सापडलेल्यांचा असतो.

उन्हाळी_वाळवण:
वाडी_नाका, खोक्याचं आजच मीटिंगमध्ये सांगते. पण कापूसभाऊ, तुमचं ४६० मला मान्य नाही. तुमची गोधडी परत आली तर झटकून पुन्हा विकता. माझी कुरडई परत आली की मालही गेला. त्याचे १५० धरा, म्हणजे एका परतीला १७० नाही, ३२० जातात. दोन परत आले की ८०० मधून ६४० वजा, उरले १६०. तुमच्या प्रीपेडच्या ३०० पेक्षा कमीच. शिवाय सीओडीचा पैसा कुरिअरवाला लगेच देत नाही, पोचल्यावर कुठं आठवड्यानं जमा होतो. तोवर उडदाच्या डाळीला पैसा कुठून आणायचा? गटाचं खेळतं भांडवल किती असतं माहीत आहे ना?

पुणेरीदादा, तुमचं बरोबर आहे. खातं गटाच्याच नावाचं आहे, पण आम्ही क्यूआर कोड अध्यक्षबाईच्या फोनचा पाठवतो, कारण तो हाताशी असतो. हे बदलायला लागेल.

कापूस_ते_कापड:
नाशवंताला नाही, टिकाऊला चालेल, एवढं मान्य करा म्हणजे झालं. तुम्ही वर सरसकट "बंद करा" लिहिलंय. माझ्यासारखा नवा पोरगा ते वाचून उद्या सीओडी काढेल आणि महिनाभर माश्या मारत बसेल.

उन्हाळी_वाळवण:
टिकाऊलाही निदान १०० रुपये आधी घ्या, उरलेले दारात. १०० भरलेला माणूस फोन उचलतो.

कच्ची_बिल्टी:
ट्रान्सपोर्टच्या बुकिंगवर बसतो. दोन गोष्टी.

पहिली जीएसटीची. वर्धा-नागपूरहून रायपूर, हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आणि टपालाचा दर अंतरावर, त्यामुळं लोक खुशाल बाहेरच्या राज्यात पाठवतात. वर्षाला ४० लाखांपर्यंत मालाला नोंदणी लागत नाही ही सवलत राज्यातल्या विक्रीपुरती आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. पापडावर कर शून्य, त्यामुळं फक्त पापड विकणाऱ्याला ही अट नाही. हळद पावडरवर ५ टक्के, तिथं आहे. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट आहे, पण त्या परराज्यात पाठवताना किंमत कितीही असो, ई-वे बिल (माल नेताना सोबत लागणारं ऑनलाइन बिल) लागतं. इतर मालाला परराज्यात ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर.

दुसरी, ट्रॅव्हल्सवाल्या भाऊंसाठी. डायवरच्या हाती दिलेलं खोकं हरवलं तर तुमच्याकडं काय आहे? गाडीचा नंबर. ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल बुक केल्याची पावती, असेल तर २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा लागतो. त्यातही मालाची किंमत जाहीर करून जास्त जोखमीचं भाडं भरलं नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापट एवढीच. ३०० रुपये भाडं भरलं की ३०००, मग आत ३० हजारांची हळद का असेना. दावा लावायचा तर आधी १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. लोक बिल्टीवर किमतीचा रकाना रिकामा सोडतात आणि हमालीच्या दहा रुपयांवर भांडत बसतात.

मले_काय_त्याचं:
मायबाप, लोणच्याच्या बरणीले ३० हजाराची नोटीस देऊ का आता?

कच्ची_बिल्टी:
बरणीला नको जी. धंद्याच्या मालाला द्या.

बांबूवाला:
सगळं वाचलं. तुमची अख्खी चर्चा "कुरिअरचा पोरगा येतो" किंवा "डाकघर उघडं असतं" इथून सुरू होते. मी गडचिरोली जिल्ह्यातून लिहितो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, मग सीओडी असो की प्रीपेड, पार्सल घरातच. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटर पूर्ण झाला, आनंद आहे. आमचा खर्च समृद्धीपर्यंत पोचायचाच आहे.

टोपली म्हणजे तर हवाच विकायची. वाडी_नाकांच्या हिशेबानं ४० बाय ४० बाय ३० ची एक टोपली साडेनऊ किलोच्या वर गेली, काट्यावर किलोभरही नाही. एकेक पार्सल विकणं आम्हाला परवडूच शकत नाही. आम्ही उतरत्या मापाच्या टोपल्या एकीत एक बसवतो, दिवाळीआधीच माल नागपूरच्या दुकानदाराकडं एकदम टाकतो, आणि तिथून फुटकळ विक्री तो करतो. नफा कमी. पण परत काही येत नाही.

उन्हाळी_वाळवण:
मग दुकानदार ठरवेल तो भाव. त्यातून सुटायला तर गट ऑनलाइन आले ना दादा?

बांबूवाला:
ताई, दुकानदार कापतो ते मला आधी माहीत असतं. कुरिअर कापतो ते महिना संपल्यावर कळतं.

कच्ची_बिल्टी, एक सांगा. वडसा ते नागपूर एकदम माल टाकताना टू-पे (भाडं घेणाऱ्यानं भरायचं) करावं की पेड (आपणच आधी भरायचं)? दुकानदार टू-पे म्हणतोय.

कच्ची_बिल्टी:
पेड करा आणि भाडं बिलात लावा. टू-पेमध्ये त्यानं चार दिवस माल सोडवलाच नाही तर गोडाऊनचं डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड, चढतं, आणि सीझन निघून गेल्यावर तो म्हणतो परत न्या. बिल्टीवर "गोडाऊन डिलिव्हरी" लिहून घ्या, नागपुरात घरपोचचे पैसे वेगळे लागतात. नगाचा आकडा "एक गठ्ठा" असा नको, "एक गठ्ठा, आत टोपल्या इतक्या" असा. आणि तो किमतीचा रकाना भरा.