मदत हवी आहे: पोर्क बेली बाबांना किती द्यावं आणि चरबी कमी कशी करावी?

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा प्लीज. आमच्याकडे पोर्क बेली सगळ्यांचा जीव की प्राण, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं ते थराथराचं मांस, वर कातडी, खाली चरबी, मग मांसाची पट्टी, परत चरबी, ज्याचं बेकन करतात तेच. पण बाबांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलंय आणि त्यांना एकदम बंद करा म्हणायला जीव होत नाही.

आकडे बघितले तर कच्च्या 100 ग्रॅममध्ये साधारण 518 कॅलरी, 53 ग्रॅम फॅट, त्यातलं 19 ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड (एलडीएल वाढवणारं फॅट) आणि प्रोटीन जेमतेम 9 ग्रॅम. 2000 कॅलरीच्या आहारात सॅच्युरेटेड 22 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, म्हणजे तेवढ्यातच दिवसाचा कोटा संपत आला की! काहीजण म्हणतात यात ऑलिव्ह ऑइलवालं ओलिक ॲसिड पण भरपूर असतं, खा बिनधास्त. मला ते पटत नाही, ओलिक आहे म्हणून सॅच्युरेटेड कुठे जातंय? तर शिजवताना चरबी काढता येते का, आणि कातडी कडक न होता कुरकुरीत कशी करायची, तेही सांगा.

प्रतिसाद:
चरबी बरीच निघते, सगळी नाही. आधी मंद आचेवर पाण्यात दीडदोन तास शिजवा, कोलॅजनचं (मांस-कातडीतलं चिवट प्रोटीन) मऊ जिलेटिन होऊन मांस मऊ पडतं, मग ते पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर पांढरी घट्ट साय धरलेली असते ती अख्खी उचलून काढा आणि खालचा रस्सा वापरा. कुरकुरीत हवं असेल तर न उकडता सरळ ओव्हनमध्ये करा. कातडीत ओल राहिली की ती फुलत नाही, चामड्यासारखी होते, म्हणून पुसून, फक्त कातडीलाच टोचे मारून, मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवा, दुसऱ्या दिवशी 160 डिग्रीला दोन-अडीच तास आणि शेवटी 220 ला वीसेक मिनिटं, पण तेव्हा समोरून हलू नका, फुलायला लागली की करपायला वेळ लागत नाही.

बाबांना मात्र कधीतरीच, दोन छोटे तुकडे, तेही भाज्या किंवा कडधान्यात घालून, आणि डॉक्टरांना विचारूनच. एरवी त्यांना टेंडरलॉइन (पाठीच्या कण्याजवळची कमी चरबीची मऊ पट्टी) करा, त्यात 100 ग्रॅमला साधारण 3-4 ग्रॅमच फॅट असतं, फक्त जास्त शिजवू नका, कोरडं पडतं.