कॉलेज आईस हॉकीच्या अंदाज-स्पर्धेसाठी गुणपद्धती आणि नियम ठरवायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतील कॉलेज-खेळांची संघटना एनसीएए हिच्या पुरुष आईस हॉकी स्पर्धेच्या निमित्ताने आमच्या परिचितांच्या गटात दर वसंतात एक अंदाज-स्पर्धा होते; प्रत्येकाने सर्व सामन्यांचे विजेते आधीच एका पत्रकावर लिहून द्यायचे असतात. ती आजवर सांभाळणारे गृहस्थ दुसऱ्या शहरी गेल्यामुळे यंदा ती जबाबदारी माझ्याकडे आली आहे. यात पैशाचा व्यवहार नाही. विजेत्याला फिरता चषक वर्षभर मिरवता येतो, एवढेच. भाग घेणाऱ्यांपैकी बरेच जण एरवी हॉकी पाहत नाहीत, आणि तेही शेवटपर्यंत शर्यतीत राहावेत अशी माझी इच्छा आहे. माझ्या प्रश्नांचे मूळ तिथेच आहे.

ज्यांना या स्पर्धेचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकूण 16 संघ असतात. सहा कॉन्फरन्सचे (विद्यापीठांच्या साखळी-गटांचे) विजेते थेट येतात आणि उरलेल्या दहा संघांची निवड होते. चार केंद्रांवर प्रत्येकी चार संघ खेळतात, त्यांना 1 ते 4 असे मानांकन असते आणि पहिल्या फेरीत पहिला चौथ्याशी व दुसरा तिसऱ्याशी भिडतो. चारही केंद्रांचे विजेते साधारण दीड आठवड्याने 'फ्रोझन फोर'साठी, म्हणजे उपांत्य व अंतिम सामन्यांसाठी, एकत्र येतात. सर्व सामने बाद पद्धतीचे असल्याने एकूण सामने फक्त 15 होतात.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण गुणांची आहे. आमचे जुने पत्रक बास्केटबॉलच्या स्पर्धेवरून उचललेले दिसते, कारण त्यात फेरीगणिक अचूक अंदाजाला 1, 2, 4 आणि 8 असे दुप्पट होत जाणारे गुण आहेत. प्रत्येक फेरीच्या वाट्याला समान 8 गुण येतात आणि एकूण बेरीज 32 होते, त्यामुळे वरवर पाहता ही पद्धत न्याय्य वाटते. परंतु ज्याने अजिंक्य संघ अचूक ओळखला, त्याला त्या एका संघाच्या चार विजयांतूनच 15 गुण मिळतात, म्हणजे जवळजवळ निम्मी स्पर्धा तो एका उत्तरावर जिंकतो. हॉकीत तर असे उत्तर ज्ञानापेक्षा नशिबानेच अधिक येते. 2013 मध्ये येल आणि 2015 मध्ये प्रॉव्हिडन्स हे आपापल्या केंद्रातील चौथ्या मानांकनाचे संघ असूनही अजिंक्य ठरले. सेंट क्लाउड स्टेट हा संपूर्ण स्पर्धेतील अव्वल मानांकित संघ 2018 मध्ये एअर फोर्सकडून आणि 2019 मध्ये अमेरिकन इंटरनॅशनलकडून, असा सलग दोन वर्षे पहिल्याच सामन्यात गारद झाला. गटातील काहींची सूचना अशी आहे की विजेत्या संघाच्या मानांकनाइतके गुण द्यावेत, म्हणजे चौथा जिंकला तर 4 आणि पहिला जिंकला तर 1. हे मला आकर्षक वाटते, पण त्यात काही गोम आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

दुसरा प्रश्न स्पर्धकांच्या गुणांतील बरोबरीचा. सध्या अंतिम सामन्यातील एकूण गोलांचा अंदाज मागितला जातो. हे आकडे इतके लहान असतात (2023 मध्ये क्विनिपिऍकने मिनेसोटाला 3-2 असे हरवले, 2024 मध्ये डेन्व्हरने बोस्टन कॉलेजला 2-0 असे) की निम्मे लोक 5 किंवा 6 लिहून मोकळे होतात आणि बरोबरी सुटण्याऐवजी कायम राहते.

तिसरा प्रश्न, सामनाच झाला नाही तर काय करावे? 2021 मध्ये कोविडमुळे मिशिगनने ऐन सामन्याच्या दिवशी माघार घेतली आणि मिनेसोटा डुलुथ न खेळताच पुढच्या फेरीत गेला. नोत्र दामच्या माघारीमुळे बोस्टन कॉलेजचेही तसेच झाले. असा प्रसंग पुन्हा येईलच असे नाही, पण नियम आधी लिहिलेला नसेल तर तो ऐन वेळी कोणाच्या तरी बाजूने केला असेच वाटते.

शेवटची शंका जरा वेगळी आहे. आमच्यातील एक जण एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी करतात. त्यांनी भाग घेतला तर त्यांना काही अडचण येईल का?

प्रतिसाद १

आपले निरीक्षण योग्य आहे. बास्केटबॉलच्या कितीतरी मोठ्या स्पर्धेतली गुणपद्धती 15 सामन्यांना लावली की शेवटचा सामना सगळे गिळून टाकतो. आमच्याकडे आम्ही 2, 3, 4, 5 अशी चढण ठेवली आहे. तिची एकूण बेरीज 41 होते आणि अजिंक्य संघ ओळखणाऱ्याला त्याच्या चार विजयांचे 14 मिळतात, म्हणजे साधारण एकतृतीयांश. तो पुढे राहतो, पण पहिल्या फेरीत बारकाईने विचार करणाऱ्याला त्याला गाठता येते.

मानांकनाइतके गुण देण्यातली गोम गणिताची आहे. चौथ्याला 4 आणि पहिल्याला 1 गुण असतील, तर चौथ्याच्या विजयाची शक्यता पाचात एकाहून जास्त वाटली की त्यालाच निवडणे फायद्याचे ठरते. मग चतुर माणूस चारही केंद्रांवर डोळे मिटून चौथा संघ लिहितो आणि अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही. त्याऐवजी नेहमीच्या 2 गुणांवर, पहिल्याला हरवणाऱ्या चौथ्या संघासाठी 2 गुणांचा बोनस द्या. तेव्हा हा उंबरठा तीनात एकावर जातो आणि धाडस करणाऱ्याला खरोखर विचार करावा लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा सामना बहुधा तुल्यबळ असतो. तिथे बोनस नकोच. पुढच्या फेऱ्यांतही तो देऊ नये, कारण तिथे कोण कोणाशी भिडेल हेच प्रत्येकाच्या पत्रकात वेगळे असते.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. फ्रोझन फोरपूर्वीच्या दीड आठवड्याचा उपयोग करून घ्या. ज्यांचे संघ बाद झाले आहेत त्यांना उरलेल्या तीन सामन्यांसाठी नवे अंदाज देऊ द्या, पण निम्म्या गुणांवर. नवख्या मंडळींना धरून ठेवण्याचा याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. जुने खेळाडू कुरकुर करतात, त्यांना करू द्यावी.

प्रतिसाद २

बरोबरीसाठी गोलांऐवजी अंतिम सामन्यात दोन्ही संघांनी गोलवर मारलेल्या एकूण फटक्यांची संख्या विचारावी. हा आकडा मोठा असतो, अधिकृत गुणपत्रकात छापलेला असतो आणि दोघांचे उत्तर सहसा जुळत नाही. जादा वेळेतले फटके धरायचे की नाही, हे मात्र पत्रकावरच लिहा. या स्पर्धेत पेनल्टी शूटआउट नसतो; बरोबरी असेल तर पहिला गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा डाव चालतात. 2021 मध्ये मिनेसोटा डुलुथ आणि नॉर्थ डकोटा यांचा सामना पाचव्या जादा डावात संपला. असा अंतिम सामना झाला तर फटक्यांचा कोणताही अंदाज कोलमडेल. म्हणून आम्ही पहिल्या साठ मिनिटांतलेच फटके मोजतो.

न खेळलेल्या सामन्याचे गुण कोणालाच देऊ नयेत, पण पुढे गेलेल्या संघावर लावलेले नंतरच्या फेऱ्यांचे अंदाज ग्राह्य धरावेत.

क्रीडा विभागातील आपल्या स्नेह्यांबाबत जपून राहावे. एनसीएएच्या नियमांनुसार खेळाडू, प्रशिक्षक आणि क्रीडा विभागातील कर्मचारी यांना कॉलेजच्या खेळांवर पैज लावता येत नाही, आणि प्रवेश शुल्क घेऊन बक्षीस देणारी मित्रांमधली अंदाज-स्पर्धाही त्यातच मोडते. आपल्याकडे शुल्क नाही, त्यामुळे अडचण येऊ नये. तरीही त्यांनी आपल्या विद्यापीठाच्या नियमपालन विभागाला आधी विचारून घेतलेले बरे. विचारायला दोन मिनिटे लागतात आणि प्रश्न त्यांच्या नोकरीचा आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. 2, 3, 4, 5 ची चढण आणि चौथ्या मानांकनाचा बोनस मी जसाच्या तसा घेत आहे, आणि फटकेही पहिल्या साठ मिनिटांतलेच मोजू. निम्म्या गुणांवर नवे अंदाज घेण्याची कल्पना मला पटली, परंतु ती सर्वांना न देता ज्यांचा एकही संघ फ्रोझन फोरमध्ये उरला नाही त्यांनाच द्यावी असे वाटते, कारण तीन संघ शाबूत असलेल्याला पुन्हा संधी देण्याचे काही कारण मला दिसत नाही.

एक गोष्ट अजून ठरत नाही. संघांची मांडणी रविवारी जाहीर होते, दोन केंद्रांवर गुरुवारी सामने सुरू होतात आणि उरलेल्या दोन केंद्रांवर शुक्रवारी. काही जणांना शुक्रवारच्या केंद्रांचे पत्रक गुरुवारचे निकाल पाहून द्यायचे आहे. मी गुरुवारच्या पहिल्या सामन्याच्या आरंभाची, अमेरिकेच्या पूर्वेकडील स्थानिक वेळेनुसार, एकच मुदत ठेवण्याच्या विचारात आहे. कोणी दोन मुदती ठेवून पाहिल्या असतील तर त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

प्रतिसाद १

एकच मुदत ठेवा. दोन मुदती ठेवल्या की गुरुवारी रात्री प्रत्येकाला आपले संपूर्ण पत्रक बदलावेसे वाटते, आणि कोणी काय कधी पाठवले याचा हिशेब शेवटी आपल्याच गळ्यात येतो.