एकच युद्ध लढून स्लीमन मेजर जनरल झाला कसा?

बर्डीवाला:
१५ ऑगस्टला आपल्या नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला बघून आलो. मग तिथल्या १८१७ च्या भोसले-इंग्रज लढाईचं वाचता वाचता विल्यम स्लीमनपर्यंत गाडी गेली. तोच, वाटसरूंचा गळा आवळून लुटणाऱ्या ठगांना पकडणारा इंग्रज साहेब. १८०९ मध्ये बंगाल फौजेत भरती, १८१४-१६ चं नेपाळ युद्ध, आणि १८२० पासून थेट मुलकी काम. पुन्हा पलटणीत गेलाच नाही म्हणे. तरी १८२५ ला कॅप्टन, १८३७ ला मेजर, १८४३ ला लेफ्टनंट कर्नल, १८५४ ला मेजर जनरल! हे कसं काय बाप्पा? वशिला होता काय?

पेन्शनर_धंतोली:
वशिल्याची गरजच नव्हती भाऊ. माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत गेली, त्यामुळे ही भानगड चटकन कळते. कंपनीच्या फौजेत मेजरपर्यंतची बढती पलटणीतल्या ज्येष्ठतेवर. वरचा मेला किंवा घरी गेला की खालचा सरकला. साहेब मुलकी कामावर गेला तरी नाव पलटणीच्या यादीतच राहायचं. आपल्याकडे प्रतिनियुक्तीवर जातात तसंच. मुलकी जागेवर भत्ता चांगला, म्हणून हुशार पोरं तिकडेच पळायची आणि पलटणीत गोरे अधिकारी मोजकेच उरायचे. १८५७ नंतर यावर बरीच ओरड झाली.

नरसिंहपूरची_लेक:
माझं माहेर नरसिंहपूर, सासर नागपूरच्या महाल भागात, म्हणून दोन शब्द जास्त लिहिते.

स्लीमनला नोकरी मिळाली ती आपल्या भोसल्यांच्या मुलखात. सीताबर्डीला हरल्यावर १८१८ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांना नर्मदेकडचा प्रदेश सोडावा लागला. त्यात जबलपूर, नरसिंहपूर, मंडला, शिवनी सगळं आलं. एवढा मुलूख चालवायला कंपनीकडे मुलकी माणसं कुठे होती? म्हणून फौजेतले लेफ्टनंट नेमले. १८२२ मध्ये स्लीमन नरसिंहपूरला आला. सारा वसुली, न्यायनिवाडा, फौजदारी, सगळं एकट्याच्या अंगावर.

आमच्या गावाला लागूनच कंदेली आहे. पुढे त्यानेच लिहून ठेवलंय की आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांवर, याच कंदेलीत ठगांची एक टोळी राहत होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता. हे त्याला कळलं पकडलेल्या ठगांच्या जबान्यांतून, आणि त्याची पुढची सगळी कारकीर्द या जबान्यांवरच उभी राहिली. माफीच्या साक्षीदारांकडून नावं, नातीगोती, वाटा वदवून घ्यायच्या, त्यांच्या वंशावळी मांडायच्या. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत होता एवढं शाबीत झालं तरी जन्मठेप. खून त्यानेच केला हे दाखवायची गरज नाही. यात निरपराध किती भरडले गेले असतील, हा प्रश्न इतिहासकार आजही विचारतात. मला तरी तो बरोबर वाटतो. माहेरी मात्र अजून 'साहेब देवमाणूस' हेच ऐकायला मिळतं. कटनीजवळ स्लीमनाबाद नावाचं गावच आहे.

टाकळीकर:
कुणी डायनासोरचं बोललंच नाही! १८२८ मध्ये याच साहेबाला जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर हाडं सापडली. भारतातला हा पहिला डायनासोर. १८७७ मध्ये लायडेकर या शास्त्रज्ञाने त्याचं 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असं बारसं केलं. ठगांपेक्षा मला हे जास्त भारी वाटते.

बर्डीवाला:
धन्यवाद मंडळी. ताई, शेवटी तो लखनौला अवधच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, होता ना? मग अवध गिळण्यात याचाही हात असणार.

नरसिंहपूरची_लेक:
तिथे मात्र त्याचं गव्हर्नर जनरल डलहौसीशी जमलं नाही. अवधच्या कारभारावर त्याने कडक ताशेरे ओढले, पण कारभार हाती घ्या, राज्य खालसा करू नका, असं त्याचं म्हणणं. ऐकतो कोण! तो मेजर जनरल झाला त्याच १८५४ मध्ये आपलं नागपूर खालसा झालं, भोसल्यांचे हत्ती-घोडे लिलावात निघाले. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवधही गेलं. त्याच महिन्यात, १० तारखेला, मायदेशी परतताना श्रीलंकेजवळ बोटीवरच स्लीमन वारला.