छातीवर मूठ, पण हलकीच

योम किप्पुरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, छाती बडवून पापं मोजणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल चांगलं कसं वाटणार, असा मुद्दा वर आलाय. थोडी भर घालतो.

बडवत नाहीत हो! 'आशाम्नू' ही कबुली म्हणताना प्रत्येक शब्दाला मूठ हृदयापाशी हलकेच टेकवतात. हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं चुका येतात, आणि सगळ्या अनेकवचनात: 'आम्ही चुकलो'. पुष्कळ ठिकाणी तर चक्क गोड चालीवर गातात.

पश्चात्तापाला हिब्रूत 'तेशुवा' म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थच मुळी परतणं. परतायचं तर आधी आपलं घर हवं ना? मिश्नेत, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, बजावलंय, स्वतःच्या नजरेत दुष्ट ठरू नकोस. एकदा तसं ठरवलं की पुढचं पाप सोपं जातं, असं मला वाटतं.

मला सर्वांत भावतो तो बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 26व्या अध्यायातला दशमांशाचा, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा देण्याचा, प्रसंग. शेतकरी देवापुढे उभा राहून सांगतो की वाटा ज्याचा त्याला दिला, काही विसरलो नाही. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, यालाही 'विदुय', म्हणजे कबुलीच, म्हटलंय! आपल्याकडे याला टिमकी वाजवणं म्हणतील.

ब्रेस्लॉवचे रब्बी नाखमान (1772-1810) हेच वेगळ्या तऱ्हेनं सांगतात. स्वतःत एक तरी चांगला ठिपका शोधायचा. त्यातही खोट दिसेल, स्वार्थ दिसेल; तरी त्यात थोडं चांगलं असतंच, ते धरायचं, मग पुढचा ठिपका. असे ठिपके जोडत गेलं की त्यांचं गाणं होतं आणि माणूस प्रार्थनेला उभा राहू शकतो.

बाकी ज्याला दुखावलं त्याची माफी आधी मागायची, यातून मात्र सुटका नाही.