पाचवीला कुठे घालायचं? एडीएचडी आणि धसका घेणाऱ्या मुलांच्या शाळेचे अनुभव

तापीकाठची

काल धाकट्या जावेचा फोन आला. तिच्या लेकाची चौथी संपतेय, गावातली झेडपीची शाळा चौथीपर्यंतच. "ताई, पाचवीला कुठे घालू त्याला?" एवढं विचारलं आणि रडायलाच लागली. त्याला मागच्या महिन्यात एडीएचडी सांगितलंय, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. फोन ठेवला तरी माझा हात थरथरत होता. २०१७ चा एप्रिल जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला.

माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. एडीएचडी आणि जोडीला ॲन्झायटी, म्हणजे सारखा धसका. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी एक फॉर्म घरी भरायला दिला, एक शाळेत. लक्षणं दोन्हीकडे दिसायला हवीत म्हणाले. शाळेच्या फॉर्मवर बाईंनी एकच ओळ लिहिली, "हुशार आहे पण लक्ष देत नाही."

जळगाव आणि आसपासच्या पाच शाळा पाहिल्या. नावाजलेल्या एका शाळेत 'अ' तुकडीसाठी तोंडी परीक्षा घेतली. तीन प्रश्न होईपर्यंत ह्याने टेबलाची रबरी कड नखांनी सोलून काढली होती. दुसरीकडे सांगितलं, अशी मुलं आमच्याकडे रमत नाहीत. "अशी" म्हणजे कशी, हे मी विचारलं नाही. आजही वाटतं, विचारायला हवं होतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिसरी-चौथीत हा साडेदहाला जायचा, पाचला यायचा आणि पाण्याची बाटली भरलेली तशीच परत. मार्च लागला की घोळणा फुटायचा. मी उन्हाला दोष देत राहिले. एका रात्री अंधारात, माझ्याकडे पाठ करून त्याने सांगितलं. मुतारीच्या दाराला कडी नव्हती, मोठी मुलं दार ढकलायची. आणि जायचं तर भर वर्गात विचारायचं, बाई म्हणायच्या, "आत्ताच कसं आठवलं?" म्हणून त्याने पाणी पिणंच सोडलं होतं. दोन वर्षं. आणि मी आई असून मला माहीत नव्हतं.

पाचव्या शाळेत मी निकाल, बोर्ड, फी काहीच विचारलं नाही. मुतारी दाखवा म्हटलं. मुख्याध्यापिका स्वतः घेऊन गेल्या. हा आत गेला, कडी लावली, काढली, पुन्हा लावली, असं सहा वेळा. बाई बाहेर उभ्या होत्या, घाई केली नाही. बाहेर आल्यावर त्याला म्हणाल्या, "विचारायचं नाही. नुसता हात वर कर आणि जा." त्याच दिवशी प्रवेश घेतला. मराठी माध्यम, वर्गात ३८ मुलं, सकाळची सव्वासातची शाळा. इंग्लिश मीडियम सोडून इथे कशाला, म्हणून नातेवाइकांनी वर्षभर ऐकवलं. आता आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियन. बाटली रिकामी आणतो.

तुम्ही शाळा कशी निवडली? चुकलेलंही लिहा. जाऊबाईंना वाचून दाखवणार आहे.

आंडेरनी_माय

वाचीसन डोयामा पानी उनं बहीन. मन्ही आंडेर (लेक) बी बाटली भरेलच लई येस. चौथीले शे. आज इचारसू तिले.

दुपारची_पाळी

शाळा किती वाजता भरते हे आधी विचारा! बोर्ड नंतर. आमच्याकडे बऱ्याच संस्थांमध्ये पाचवी ते सातवी दुपारच्या सत्रात, बारा ते साडेपाच. माझ्या मुलाची गोळी साधारण चार तास चालते. सकाळी आठला दिली की शाळा भरताना असर संपलेला. पहिले दोन महिने रोज चिठ्ठी. डॉक्टरांना वेळापत्रक दाखवलं तेव्हा त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. मनाने बदलू नका, त्यांनाच विचारा.

गोळीने भूक मरते, डबा अर्धा परत येतो. मग रात्री नऊला दोन कळण्याच्या भाकरी आणि भरीत. मी वाट बघत बसते, खाऊ दे बापडा.

भुसावळ_शटल

वैशाखात पत्र्याच्या वर्गात मोठ्या माणसाचं लक्ष लागत नाही, लेकराचं काय लागणार. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. शाळा बघायला एप्रिलमध्ये दुपारी दोनला जा, जूनमध्ये नको. काय ते लगेच कळेल.

खापर_आणि_मांडे

@दुपारची_पाळी कळण्याचं पीठ कुठून आणता हो? इथे पुण्यात मिळतं त्यात उडीद नावालाच असतो.

दुपारची_पाळी

सासरहून येतं, यावलहून. ज्वारी-उडीद घरचाच. मीठ दळतानाच घालतात.

काळी_कसदार

मी बाप आहे, चोपड्याकडे शेती. आम्ही चुकलो ते लिहितो.

घरातले सगळे म्हटले, होस्टेलला टाका, शिस्त लागेल. मलाही तसंच वाटलं. सहावीला निवासी शाळेत घातलं. रविवारी फोन लावायचा. पहिल्या महिन्यात रडला, दुसऱ्या महिन्यात बोलणंच बंद. फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा. मी म्हणायचो, बोल रे बाबा, पैसे जाताहेत. हे मी म्हटलं त्याला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भेटायला गेलो. नखं इतकी खाल्लेली की बोटांच्या टोकांना रक्त. सामान तिथेच टाकलं आणि पोराला मोटरसायकलवर बसवून आणलं. रस्ताभर माझ्या पाठीला डोकं टेकवून होता. दुसऱ्या दिवशी बैल धुतले, शिंगं रंगवली, तेव्हा पहिलं वाक्य बोलला, "पप्पा, हा रंग पुरणार नाही."

आता गावच्याच हायस्कूलला जातो. वर्गात साठ पोरं आहेत, पण चुलतभाऊ बाजूला बसतो. मार्क कमी पडतात, पडू देत.

तापीकाठची

भाऊ, तुम्ही आणलंत त्याला. तो दिवस त्याच्या लक्षात राहील.

निनावी_सध्या

एकच विचारायचंय. प्रवेशाच्या वेळी निदान सांगायचं की लपवायचं? सासरे म्हणतात सांगितलंत तर कोणी घेणार नाही. धुळ्यात आहोत, शनिवारी फॉर्म भरायचाय.

आडगल्ली

आम्ही नाही सांगितलं. ऑगस्टमध्ये कळलंच, आणि मग फसवलं म्हणून वर्गशिक्षिका रुसल्या. वर्ष वाया गेलं.

सातपुड्याची_सावली

आम्ही सांगितलं आणि दोन ठिकाणी नकार आला. पण त्या दोन शाळांपासून वाचलो असंच म्हणेन मी. ज्यांना ऐकूनच नको वाटतं ते वर्षभर काय सांभाळणार? मुलीची केस आहे, शांत प्रकारची. उड्या मारत नाही, खिडकीबाहेर बघत बसते, म्हणून सातवीपर्यंत कोणाला संशयच आला नाही. सगळे म्हणायचे, किती गुणी पोरगी. गुणी कसली, रोज शाळेत जायच्या आधी उलटी व्हायची तिला.

फळा_डस्टर

मी शिक्षक आहे, सहावी-सातवीला गणित शिकवतो. थोडं सविस्तर लिहितो, पेपर तपासता तपासता.

@निनावी_सध्या, सांगा. पण क्लार्कला नको. वर्ग कोणाला मिळणार ते विचारा आणि त्या शिक्षकाला भेटून सांगा. अर्ध्या पानावर लिहून द्या: कशाने बिथरतो, बिथरला तर काय करायचं, कशाने शांत होतो. फाईलभर रिपोर्ट आम्ही वाचत नाही, खरं सांगतो. अर्धं पान मी डस्टरच्या खणात ठेवतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. माझ्या वर्गात ६४ आहेत. एकेका मुलाकडे बघायला किती मिनिटं येतात तुम्हीच हिशोब करा. तरी काही गोष्टी ६४ मध्येही होतात. दुसरा बाक, भिंतीकडची बाजू. खिडकी आणि दार दोन्ही नको. एका वेळी एकच सूचना. दर वीस मिनिटांनी त्याला उठायला कारण द्यायचं: खडू आण, हजेरीपत्रक ऑफिसात देऊन ये. माझ्याकडचा एक मुलगा वर्षभर खडूमंत्री होता, पोरांनीच नाव ठेवलं. आणि धसका घेणाऱ्याला फळ्यापुढे अचानक उभं करायचं नाही. आदल्या दिवशी सांगायचं, उद्या तिसरं उदाहरण तू सोडवशील.

त्याच कायद्याने प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही, मारणं आणि मानसिक त्रास देणंही बंद आहे. पाचवीला आणि आठवीला मात्र २०२३ पासून महाराष्ट्रात पुन्हा वार्षिक परीक्षा आलीय. नापास झाला तर फेरपरीक्षा असते. पोराला आधीच शांतपणे सांगून ठेवा, नाहीतर वर्गातली पोरं भीती घालतात.

आणखी एक. अपंग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता (वाचन-लेखनात अडचण) आहे, एडीएचडी वेगळं नाव घेऊन नाही. पुष्कळ मुलांना दोन्ही असतं. म्हणून वाचन-लेखनाचीही चाचणी आत्ताच करून घ्या, दहावीच्या सवलतींसाठी ऐन वेळी धावाधाव नको. जिल्हा रुग्णालयात बालकांसाठी डीईआयसी, म्हणजे अशा अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र असतं, तिथे विचारा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात.

निनावी_सध्या

सर, खूप आभार. अर्धं पान आज रात्रीच लिहिते. सासऱ्यांनाही हे दाखवलं, वाचून गप्प बसलेत.

पंख्याची_पाती

मी ४३. मुलाच्या निदानाच्या वेळी माझंही झालं. शाळेत मला "बह्याड" म्हणायचे, सर पण. नववीत सोडली. आज तीन टेम्पो आहेत, पण कुठल्याही शाळेच्या फाटकातून आत जाताना अजून पोटात गोळा येतो. मुलाच्या पालकसभेला बायको जाते. ह्या महिन्यात मी जाणार आहे.

भुसावळ_शटल

जा भो. जमत नसेल तर मला सांग, मी येतो सोबत. कोणतं गाव?

पंख्याची_पाती

पारोळा.

भुसावळ_शटल

अरे, माझं मामाचं गाव! किल्ल्यामागे. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

सातपुड्याची_सावली

ज्यांना लगेच डॉक्टरपर्यंत जाता येत नाही त्यांच्यासाठी: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. मी स्वतःसाठी लावला होता, मुलीसाठी नाही. आईलाही लागतो.

तापीकाठची

जाऊबाईंना सगळं वाचून दाखवलं. खडूमंत्री दोनदा वाचायला लावला. सोमवारी आम्ही दोघी मिळून तीन शाळा बघणार, दुपारी दोन वाजता, लेकाला घेऊन.

आंडेरनी_माय

इचारं तिले. पह्यले बोलनी नही, मंग मन्हा पदर धरीसन सांगं. कडी नही शे. एक पोर दार धरस, दुसरी आत जास, अशा दोन वरीस.

सकाय जासू शाळामा. हार्डवेअरवाल्याकडथून कडी आनी ठेवी. चार स्क्रू बी शेतस संगे.