राजबंद्यांनी घडवलेल्या वस्तू लिलावात विकाव्यात का?

धागा: राजबंद्यांनी तुरुंगात आपल्या हातांनी केलेल्या आठवणवस्तू लिलावात जाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्च १९१२ मध्ये मताधिकारासाठी लंडनमध्ये काचा फोडल्याबद्दल हॉलोवे तुरुंगात टाकलेल्या स्त्रियांच्या ६६ सह्या एका रुमालावर भरलेल्या आहेत. कागदावर क्षणात उमटणारी सही कापडावर टाक्याटाक्याने पुन्हा लिहावी लागते, आणि त्यांच्यापैकी काही जणी तर उपोषणाला बसलेल्या, नळीने बळजबरीने अन्न घातले जाणाऱ्या होत्या. असा रुमाल ससेक्समधल्या एका छोट्या संग्रहालयात सर्वांना पाहता येतो, हेच योग्य आहे. त्याची बोली लागली असती, तर तो कोणाच्या तरी कपाटात गेला असता.

प्रतिसाद: मी असहमत आहे. १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडमधील लाँग केश तुरुंगात कैद्यांनी लाकडी हार्प (एक तंतुवाद्य), वर्तुळ असलेले केल्टिक क्रूस आणि चामड्याची पाकिटे बनवली. त्यांतील पुष्कळ वस्तू बाहेर सोडतीत ठेवून कैद्यांच्या कुटुंबांसाठी पैसे उभे केले गेले. म्हणजे ती वस्तू विकली जावी, ही ती घडवणाऱ्याचीच इच्छा होती. तुम्ही आज तिला पवित्र ठरवून विक्री थांबवता, तेव्हा त्याची इच्छा डावलता. शिवाय तिथे प्रजासत्ताकवादी (आयर्लंड एक व्हावा असे मानणारे) आणि निष्ठावादी (ब्रिटनसोबत राहावे असे मानणारे) असे सशस्त्र संघर्षातल्या दोन्ही बाजूंचे कैदी होते. ज्या घरांतली माणसे त्या संघर्षातल्या हिंसाचारात गेली, त्यांना तोच हार्प वेगळा दिसतो, हेही विसरू नये.

धागाकर्त्याचे उत्तर: सोडतीसाठी केलेल्या वस्तूंबाबत तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि माझे पहिले वाक्य मी तेवढ्यापुरते मागे घेतो. पण एका विशिष्ट माणसाला दिलेल्या वस्तूचे काय? गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगात चपला शिवल्या आणि ज्यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले होते, त्या जनरल स्मट्स यांना १९१४ मध्ये देश सोडताना भेट दिल्या. स्मट्स यांनी त्या अनेक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीनिमित्त, परत पाठवल्या. अशा चपलांची किंमत करायला मी कोणालाही बसवणार नाही.

प्रतिसाद: स्मट्स सधन होते, म्हणून ते परत करू शकले. एखाद्या गरीब वारसाकडे अशी चप्पल उरली, तर त्याने ती संग्रहालयाला फुकट द्यावी, असे म्हणण्याआधी संग्रहालयाने तिचे रास्त मोल द्यावे.