मदत हवी आहे : सरमिसळ वर्गात नागरिकत्व कसं शिकवावं?

खडूफळा
नमस्कार मंडळी. विद्यापीठात नागरिकत्वाचा पेपर शिकवते. हक्क, कर्तव्यं, राज्यसंस्था इथवर ठीक चालतं, मुलं मुकाट उतरवून घेतात. पण 'आपण' म्हणजे कोण, बहुसंख्यांची भाषा सगळ्यांची कशी, असं काही काढलं की तीच चार-पाच मुलं बोलतात, बाकी सगळे खाली माना घालून. काल एकाने शेजारणीला विचारलं, "तुमच्या लोकांचं यावर काय म्हणणं?" ती उठून निघून गेली. सोमवारी पुन्हा तास आहे. नेमकं काय करू ते सांगा. प्रवचन नको.

चौकस
वर्ग केवढा? पेपर सक्तीचा आहे का? गुण कशावर? शिकवण्याची भाषा सगळ्यांना सारखी येते का?

खडूफळा
शंभराच्या वर, सगळ्या शाखांना सक्तीचा. त्याने काय फरक पडतो?

चौकस
खूप पडतो. शंभर जणांपुढे बोलायला मत असून भागत नाही, भाषेवर पकड लागते. तुमची ती चार-पाच मुलं बहुधा तीच पकड असलेली आहेत.

निवृत्त मास्तर
खडूफळाताई, जिगसॉ पद्धत वापरा. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची मुलं एका वर्गात आली आणि तणाव वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी ती काढली. गटातल्या प्रत्येकाकडे धड्याचा वेगळा तुकडा, बाकीच्यांचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही. मी हेच करत आलो.

रानवाट
मास्तर, ती शाळकरी मुलं होती. विशीतली मुलं तुकडा वाचून दाखवतील आणि मोकळी होतील. शेजारी बसवलं की मनं जुळतात असंही नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच त्यासाठीच्या अटी सांगितल्यात : बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. एकाला अस्खलित बोलता येतं, दुसरा अडखळतो, तिथे बरोबरी कुठली?

निवृत्त मास्तर
बरोबरी यावी म्हणूनच तर तुकडा वेगळा! माहिती ज्याच्याकडे, त्याचं ऐकावंच लागतं. अडखळला तरी लोक थांबतात.

परदेशस्थ
नागरिकत्वासाठी जन्मदाखला आणि वास्तव्याचे पुरावे आधी गोळा करा. काही देशांत जन्मस्थानावरून मिळतं, काहींत आईवडलांवरून. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना, तेही तपासा.

खडूफळा
मला नागरिकत्व घ्यायचं नाहीये, शिकवायचंय! त्यावरून सांगते, वर्गात काही परदेशी मुलंही आहेत. उठून गेलेली मुलगी त्यांतलीच.

चौकस
अहो, हे आधी सांगायचं ना! सगळा प्रश्नच बदलला.

पाणवठा
बदललाच. तुम्ही नागरिकांचे हक्क शिकवताय आणि समोर या देशाची नागरिक नसलेली मुलं बसलीत. सोमवारी तिथूनच सुरुवात करा. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या आणि दोन याद्या करायला लावा : माणूस म्हणून मिळणारे हक्क कोणते, देशाचा सदस्य म्हणून मिळणारे कोणते. छळापासून संरक्षण प्रत्येकाला. कलम १५ प्रमाणे राष्ट्रीयत्वाचा हक्कही प्रत्येकाला. पण कलम २१ मध्ये कारभारात भाग घ्यायचा तो 'आपल्या देशाच्या'. मग विचारा, जिथे वर्षानुवर्षं राहतो, कर भरतो, तिथे मत का नाही? न्यूझीलंडमध्ये कायमचे रहिवासी नागरिक नसले तरी संसदेसाठी मतदान करतात. यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं आणि कुणालाही स्वतःची जात, धर्म, घर उघडं करावं लागत नाही.

पुढच्या तासाला ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शलने ब्रिटनबद्दल मांडलेला हक्कांचा क्रम फळ्यावर लिहा : अठराव्या शतकात नागरी हक्क, एकोणिसाव्यात राजकीय, विसाव्यात सामाजिक. हा क्रम कोणाच्या वाट्याला आला, ते मुलांना शोधू द्या. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना संघीय निवडणुकांत मत मिळालं १९७१ मध्ये! पुस्तकातला नागरिक कोण होता, ते मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

आणि एक नियम पहिल्याच मिनिटाला सांगा : कुणीही कुणाला समाजाचा प्रतिनिधी म्हणून बोलायला लावायचं नाही. आधी पाच मिनिटं लिहायचं, हव्या त्या भाषेत. मग जोडीत बोलायचं, मग चौघांत. शंभर जणांत हाच मार्ग चालतो.

बाकावरचा
हे ठीक, पण शिक्षकाने स्वतःचं मत सांगावं. नाहीतर मुलांना लपवाछपवी वाटते.

रानवाट
गुण देणाऱ्याचं मत कळलं की उत्तरपत्रिकेत तेच उमटतं. जर्मनीत राजकीय विषय शिकवताना १९७६ पासून बॉयटेल्सबाख सहमती नावाचे नियम पाळतात : विद्यार्थ्यावर मत लादायचं नाही, समाजात जे वादग्रस्त ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं, आणि स्वतःचं हित ओळखून परिस्थिती तपासायला त्याला शिकवायचं.

बाकावरचा
म्हणजे शेजारची मुलगी बरोबरीची आहे की नाही, हेही वादग्रस्त म्हणून मांडायचं?

रानवाट
अजिबात नाही. मतदानाची अट काय असावी, यावर वाद होऊ शकतो. तिच्या माणूसपणावर नाही. ती रेघ शिक्षकानेच ओढायची, तिथे गप्प राहणं म्हणजे बाजू घेणंच.

गवाक्ष
अवांतर : सक्तीच्या पेपरला मुलं मोबाईलच बघतात. तास सुरू होताना मोबाईल पिशवीत ठेवायला लावा.

खडूफळा
सोमवारी याद्यांचा तास घेते. पाणवठा, खूप आभार. गट मी पाडू की मुलांना पाडू देऊ?

निवृत्त मास्तर
तुम्हीच पाडा. मुलांवर सोडलं तर ओळखीचे ओळखीच्यांत बसतील. फक्त एकाच भाषेची किंवा देशाची एकटी मुलगी चौघांत पडू देऊ नका, दोघी तरी असू द्या.

चौकस
आणि उठून गेलेल्या मुलीला सोमवारच्या आधी भेटा. वर्गात बोलायचा आग्रह करू नका, काय करणार आहात तेवढं सांगा आणि तिला चालेल का, ते विचारा.